लग्न शिनोळीच्या अलीकडं की पलीकडं?

खानापुरी:
भावकीतल्या एका पोरीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर ठरलं होतं. पोरगी सोळाची, पीयूसीच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला. बेळगावात कार्यालय धरायला गेले, तर तिथल्या माणसानं दोघांचे जन्मदाखले मागितले. दोन दिवसांत नवी पत्रिका छापून आली. मुहूर्त तोच, मांडव मात्र हद्दीवरच्या शिनोळीच्या पलीकडं, महाराष्ट्रातल्या चंदगडात. अंगणवाडीच्या बाईंनी १०९८ ला, मुलांच्या मदतीच्या नंबरावर, फोन लावला म्हणून अक्षता पडायच्या राहिल्या.

२००६ चा बालविवाह प्रतिबंध कायदा देशभर एकच आहे, पण त्यानं लग्न आपोआप मोडत नाही. महाराष्ट्रात ते रद्द करून घ्यायला पोरीनं कोर्टात जायचं, तेही वीस वर्षांची व्हायच्या आत. कर्नाटकानं २०१६ च्या दुरुस्तीनं असं लग्न मुळातच शून्य ठरवलं. म्हणजे झालंच नाही. बाकीच्या राज्यांनी हीच वाट धरावी, असं सर्वोच्च न्यायालयानंही २०१७ मध्ये सुचवलं. सीमाभाग कर्नाटकात घातला म्हणून मी दर १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळणारा माणूस, पण इथं मला कर्नाटकाचंच पटतं. आईबापानंच बोहल्यावर उभी केलेली पोर अर्ज कुणाविरुद्ध करणार? वकिलाची फी बापच देणार काय?

चंदगडचा पावणा:
पलीकडचे सगळे लबाड, असा सूर नको. मांडव आमच्याकडं, पण पोरगी तुमचीच होती.
शून्य म्हणायला काय जातंय? पोरगी तीन वर्षं नांदली, कडेवर लेकरू आलं, आणि नवरा म्हणाला ‘आपलं लग्न झालंच नव्हतं, जा माहेरी’, तर? कलम ४ मधली पोटगी, कलम ६ मधलं मुलांचं औरसपण, ही सगळी भाषा कोर्टानं लग्न रद्द केल्यानंतरची आहे. जे झालंच नाही ते रद्द काय करायचं, यावरच वकील वर्षभर खातील. मोडायचं की ठेवायचं, ते पोरीला ठरवू द्या.

खानापुरी:
‘पोरीला ठरवू द्या’ हे लग्न ठरवताना कुणाला सुचलं नाही. मोडायची वेळ आली की बरं सुचतं.

जुनं ते सोनं:
घरातल्या गोष्टीत सरकारनं नाक खुपसू नये. माझ्या आजीचं लग्न तेराव्या वर्षी झालं, नव्वद वर्षं ठणठणीत जगली.

शहापूरची वकीलीण:
आजीची बाळंतपणं किती झाली आणि त्यातली किती जगली, तेही लिहा की.
पावण्यांची शंका अगदीच फोल नाही, पण तुम्ही दोघंही लग्न लागल्यानंतरचं भांडताय. कलम १३ वाचा. लग्न ठरल्याची खबर मिळाली की मॅजिस्ट्रेट मनाई हुकूम देऊ शकतात, आणि तो मोडून लावलेलं लग्न कलम १४ प्रमाणे शून्यच. महाराष्ट्रातसुद्धा. म्हणजे हुकूम वेळेत हातात असला, तर मांडव हद्दीपलीकडं नेऊनही उपयोग नाही. ऑक्टोबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं शिक्षेपेक्षा रोखण्यावरच भर दिलाय. साखरपुड्यावर मात्र हा २००६ चा कायदा गप्प आहे आणि संसदेनं त्याचा विचार करावा, असंही त्याच निकालात आहे. मला विचाराल तर खरी गाठ तिथंच बसते. एकदा सुपारी फुटली, पन्नास माणसं जेवून गेली, की बापाला माघार म्हणजे मरण वाटतं.

निपाणीची काकू:
तुम्ही कलमं मोजत बसा. माझी आई विड्या वळायची, मीपण वळल्या. सुपात तंबाखू, मांडीवर पानं, आणि दाराला बाहेरून कडी, कारण आत वयात आलेली बहीण एकटी. तिचं लग्न पंधराव्या वर्षी का उरकलं? हुंडा नाही, हौस नाही, भीती. हायस्कूल दुसऱ्या गावाला, एसटीला पैसे नाहीत. २०२३ च्या जूनमध्ये कर्नाटकात शक्ती योजना आली, बायकांना सरकारी बस फुकट झाली, आणि आमच्या गल्लीतल्या दोन पोरी निपाणीच्या कॉलेजात गेल्या. त्यांच्या आया आता लग्नाचं बोलत नाहीत. बापाला दोन वर्षं आत टाकून घरात काय शिजणार, ते पण सांगा. कलम ११ प्रमाणे आईला तुरुंग नाही म्हणतात, पण मागं राबायचं तिनंच ना?

खानापुरी:
काकू, बसचं मान्य. पण आमची ही पोर बसनंच कॉलेजला जात होती, तरी पत्रिका छापली. धाक पण लागतोच.

चंदगडचा पावणा:
पुढं काय झालं त्या पोरीचं?

खानापुरी:
एका सरकारी कचेरीत बसवून जबाब घेतला. तिनं मराठीत सांगितलं, साहेबांनी कन्नडात लिहिलं, तिनं खाली मराठीत सही केली. बाहेर आल्यावर मला विचारते, ‘काका, मी आत काय सांगितलं असं लिहिलंय?’ बापानं हमीपत्र दिलं, ती पुन्हा कॉलेजला जातीय. पण सुपारी मोडलेली नाही. ती अठराची होईल त्या महिन्यातली तारीख धरून कार्यालय बुक केलंय. या खेपेला बेळगावातलं.