राजाजींना नेमकं कोणत्या बाजूचं म्हणायचं? पुतणीच्या भाषणासाठी विचारतोय

गिरणाकाठ (चाळीसगाव)

रामराम मंडळी. पुतणी बारावीला आहे, कॉलेजात वक्तृत्व स्पर्धेला विषय आलाय "भारतातला उजवा विचार" आणि तिने राजाजी निवडलेत, म्हणजे मद्रासकडचे जुने काँग्रेस पुढारी चक्रवर्ती राजगोपालाचारी. आता रोज विचारते काका हे कोणत्या बाजूचे, आणि मी चार दिवस वाचतोय पण मला काही एका दोरीत ओवता येईना. बघा ना, १९५९ ला नेहरूंच्या विरोधात स्वतंत्र पक्ष काढला, प्रत्येक धंद्याला सरकारी परवाना लागतो, हे लायसन्स-परमिट राज आहे म्हणून सरकारला धारेवर धरलं, इथपर्यंत समजतं. पण हाच माणूस १९३७ ला मद्रास प्रांताचा कारभार हातात आल्याबरोबर सेलम जिल्ह्यात दारूबंदी करतो. १९३९ ला देवळं दलितांना खुली करणाऱ्यांच्या पाठीशी कायदा उभा करतो, आणि १९५३ ला परत मद्रासचा मुख्यमंत्री असताना म्हणतो पोरांनी अर्धा दिवस शाळेत यावं नि अर्धा दिवस बापाचा धंदा शिकावा. कम्युनिस्टांना एक नंबरचा शत्रू म्हणणार, आणि १९६२ ला वयाच्या ८३ व्या वर्षी अमेरिकेला जाऊन तिथले अध्यक्ष केनेडींना सांगणार की अणुचाचण्या बंद करा. पोरीने स्टेजवर अर्धवट बोलू नये एवढंच वाटतं. कोणी नीट सांगेल का?

कपाशीवाला शिरपूर

भाऊ, पैशापाण्याचं मी सांगतो, कारण ते मी वाचून नाही, भोगून शिकलोय. जानेवारी १९५९ ला काँग्रेसचं नागपूरला अधिवेशन झालं, त्यात ठराव झाला की जमिनी एकत्र करून सहकारी शेती करायची. राजाजी आणि पक्ष काढताना त्यांच्यासोबत असलेले एन. जी. रंगा, मिनू मसानी हे सगळे त्यावरून उठले, आणि रंगा तर शेतकऱ्यांचेच पुढारी होते, त्यामुळे हा पक्ष फक्त राजेरजवाड्यांचा आणि शेठ लोकांचा होता असं जे म्हणतात ते अर्धंच खरं आहे. १९६२ ला १८ खासदार, १९६७ ला ४४, लोकसभेत सगळ्यात मोठा विरोधी पक्ष झाला होता तो.

आता आपल्याकडचं बघा. राजाजी वारले डिसेंबर १९७२ ला आणि त्याच साली आपल्या राज्यात कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली. म्हणजे कापूस माझा, घाम माझा, पण विकायचा फक्त सरकारी केंद्रावर. मी बापासोबत बैलगाडीवर कापसाच्या झोल्यांवर झोपलोय तीन-तीन रात्री, थंडीचे दिवस, पुढे मागे गाड्याच गाड्या, बैलांना कडबा घरून आणायचा. नंबर लागला की ग्रेडर येणार, झोल्यात हात घालून मूठभर कापूस काढणार, बोटाने ओढून धागा बघणार आणि एका शब्दात वर्षाची कमाई खालच्या ग्रेडला टाकणार. पैसे पण एकदम नाही, थोडे आता, बाकीचे कधी येतील तेव्हा. आणि मध्य प्रदेशातलं सेंधवा तिथून हाकेवर, तिकडे व्यापारी रोख मोजायचा, पण मधे राज्याची हद्द. लोक रात्रीचा माल काढायचे, पकडला तर गुन्हा. स्वतःच्या शेतातला कापूस नेला म्हणून चोर! बाप माझा सातवी शिकेल, राजाजी कोण त्याला माहीत नव्हतं, पण परमिट राज काय ते त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती भो.

अमळनेरची बाई

दादा, तुमचं दुःख खरं आहे, पण एक सांगते, बाजार पडायचा त्या वर्षी त्याच केंद्रावर हमीचा भाव मिळाल्याने माझ्या माहेरचं खळं वाचलंय, तेही खरं आहे.

पण मला शाळेबद्दल बोलायचंय. मी ३१ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. माझे वडील कुंभार. आजोबा म्हणायचे चाकावर बस, शाळेत काय ठेवलंय, आणि वडील चिखलाचे हात पुसत पुसत शाळेत पळायचे म्हणून आज मी इथे टाईप करतेय. त्यामुळे १९५३ ची ती योजना वाचली की मला आतून राग येतो. राजाजींचं म्हणणं होतं की शाळा कमी, पैसा कमी, दोन पाळ्या केल्या तर दुप्पट पोरं शिकतील आणि हाताचं काम पण कळेल. हेतू वाईट नसेल. पण कुंभाराच्या पोराने मडकंच घडवायचं हे कोणी ठरवलं? जातीविरुद्ध लढणारे पेरियार आणि तिकडच्या द्रमुक पक्षाचे लोक तुटून पडले, "कुलकल्वी" म्हणजे कुळाचं शिक्षण असं नाव पडलं त्याला, आणि १९५४ ला राजाजींना खुर्ची सोडावी लागली, त्यांच्या जागी काँग्रेसचेच कामराज आले आणि योजना गुंडाळली. बरं झालं गुंडाळली.

आणि देवळांचं म्हणाल तर साने गुरुजी आमच्या अमळनेरच्या शाळेत मास्तर होते, १९४७ ला पंढरपूरचं देऊळ दलितांना खुलं व्हावं म्हणून त्यांनी उपोषण केलं. त्याच्या आठ वर्षं आधी मदुरैचं मीनाक्षी मंदिर खुलं झालं आणि ते खुलं करणाऱ्यांवर खटले होऊ नयेत म्हणून राजाजींनी कायदा केला. शाळेची ती योजना आणि हा कायदा, एकाच माणसाच्या हातून या दोन गोष्टी झाल्या, पोरीने दोन्ही सांगाव्यात.

धुळे निवृत्त

मी बँकेत होतो. १९६९ ला १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं त्याला स्वतंत्र पक्षाने जोरात विरोध केला, सुप्रीम कोर्टात गेलेले कूपर त्याच पक्षाचे. पण साक्री तालुक्यात आमची शाखा त्यानंतरच उघडली, आणि सावकाराकडे गहाण पडलेली पाटली सोडवायला आलेल्या बाया मी काउंटरवरून बघितल्यात. इथे मी राजाजींच्या सोबत नाही.

गिरणाकाठ भाऊ, तुमचा प्रश्न दोरीचा आहे ना, मला वाटतं ती दोरी म्हणजे आवर. माणसाने स्वतःला आवरावं, सरकारने पण आवरावं, आणि देशाने पण. १९४२ ला सगळे चले जाव म्हणत असताना हे एकटे वेगळे झाले, १९४४ ला फाळणीवर तोडगा मांडला, १९६४ ला शेख अब्दुल्ला सुटले तेव्हा त्यांच्याशी बोलले, पाकिस्तानशी जमवून घ्या म्हणत राहिले. आजच्या हिशोबाने उजवा माणूस असं बोलेल का? अणुबाँबचं पण तेच, ताकद आहे म्हणून वापरायची नाही. दारूबंदीत मात्र आवर घालायला सरकारचाच दंडुका घेतला, आणि दारूचा महसूल बुडाला म्हणून १९३९ ला विक्रीकर आणला. म्हणजे कमी सरकार म्हणणाऱ्या माणसानेच दुकानदाराच्या वहीत सरकार नेऊन बसवलं. १९७१ ला तामिळनाडूत दारू परत सुरू होणार म्हटल्यावर ९२ व्या वर्षी तिथले मुख्यमंत्री करुणानिधींच्या घरी विनवणी करायला स्वतः गेले. तिथे ते कधीच मागे हटले नाहीत.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

सगळ्यांचे आभार. पुतणीला हे वाचून दाखवलं. बाईंच्या वडिलांचं ऐकून गप्पच झाली, मग म्हणाली काका मी सुरुवात सेलमच्या दारूबंदीपासून करते आणि विक्रीकरावर येते, कारण पप्पांचं किराणा दुकान आहे, ते समोर बसलेले असतील. शिरपूरवाले दादा, तुमची झोल्यांवरची रात्र तिने भाषणात घेतली तर चालेल का? गावाचं नाव टाकणार नाही.

कपाशीवाला शिरपूर

घे म्हणा बेटा. आणि गावाचं नाव पण टाक, त्यात लपवण्यासारखं काही नाही.