मदत हवी आहे: डिस्नी वर्ल्डला वेळा धरून फिरायचं की मोकळं?

नमस्कार मंडळी, मालवणहून लिहितोय. मे महिन्यात आई-बाबांना घेऊन ऑर्लँडोला भावाकडे जातोय, डिस्नी वर्ल्डमधलं मॅजिक किंगडम पार्क बघायचंय. रांग टाळून राइडवर जायचा 1999 चा फुकटातला फास्टपास केव्हाच गेला. आता त्याच कामासाठी पैसे मोजून लाइटनिंग लेन मल्टी पास: तीन राइड आगाऊ निवडायच्या, प्रत्येकीच्या दाराशी पोचायला तासाभराची मुदत, एक झाली की पुढची धरायची. डिस्नीच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना बुकिंग सात दिवस आधी, आमच्यासारख्यांना तीन. सकाळी सातच्या ठोक्याला मोबाइल घेऊन बसा, गणपतीच्या गाडीचं तिकीट काढल्यासारखं!

अडचण अशी की बाबा सावली दिसली की टेकतात आणि आई दिसेल त्या दुकानात शिरते. त्यात मुदत 11:10 ते 12:10 आणि राइड पार्कच्या पार दुसऱ्या टोकाला, मग झालंच. भाऊ म्हणतो, पास घेतलास तर दिवसभर स्क्रीनकडे बघत पळशील. पण मेच्या उन्हात त्यांना रांगेत ताटकळत ठेवणंही पटत नाही.

वयस्कर माणसांना घेऊन गेलेल्यांनी जरा सांगा. तिन्ही राइड एकाच भागातल्या धरल्या तर पायपीट वाचते का? की पासच्या भानगडीत न पडता, दारं उघडताच मोठ्या राइड उरकून दुपारी घरी यावं आणि संध्याकाळी परत जावं?