प्रतिसाद : 'त्या काळी असंच होतं' या मुद्द्याबद्दल

'मध्ययुगात बायकांना असंच वागवायचे, मग गेममध्ये तसं दाखवलं तर बिघडलं कुठे?' हा व्हिडिओ गेमवरच्या चर्चेतला मुद्दा मला अर्धाच पटतो. अन्याय जरूर दाखवा, पण तो कुणाच्या नजरेतून दिसतो यावर सगळं अवलंबून आहे. २००७ च्या पहिल्या 'द विचर' गेममध्ये नायक जिच्याबरोबर झोपेल तिच्या चित्राचं कार्ड बक्षीस म्हणून मिळायचं. यात कसलं आलंय मध्ययुग? पुढच्या भागात ती कार्डं काढून टाकली, तेच योग्य झालं. याउलट २००९ च्या 'ड्रॅगन एज: ओरिजिन्स' गेममध्ये शहरी एल्फचं (माणसांसारख्या एका काल्पनिक जमातीचं) पात्र घेतलं तर कथेची सुरुवात कशी होते ते पाहा. ऐन लग्नात सरदाराचा मुलगा बायकांना पळवून नेतो. पुरुष पात्र निवडलं तर आपण सोडवायला जातो. स्त्री पात्र निवडलं तर पळवलेल्यांत आपणच असतो, आणि चुलतभावाने जमिनीवरून सरकवलेली तलवार उचलून आपण स्वतः लढत बाहेर पडतो. प्रसंग तितकाच भयंकर आहे, पण इथे ती बाई कुणाचं बक्षीस नाही.

आणि इतिहासाचंच म्हणाल तर जर्मनीतल्या कोलोन शहरात १३९७ मध्ये सूत काढणाऱ्या आणि १४३७ मध्ये रेशीम करणाऱ्या बायकांचे स्वतःचे व्यवसायसंघ होते. स्कॉटलंडमध्ये १३३८ साली ॲग्नेस रँडॉल्फ या सरदारपत्नीने डनबारचा किल्ला इंग्रजांच्या वेढ्यात जवळपास पाच महिने लढवला, आणि शेवटी वेढा उठवून इंग्रजच परत गेले. वास्तववादाच्या नावाखाली फक्त कुंटणखाने आणि रडणाऱ्या बायकाच उचलल्या जातात, याचा मला खरोखर राग येतो.