'मस्टन्ट बी' की 'कान्ट बी'? अंदाज बांधताना काय वापरायचं?

नवशिका:
इंग्रजीच्या परीक्षेची तयारी चालू आहे. सरावाच्या पुस्तकात गाळलेली जागा आली: 'द लाइट्स आर ऑफ. दे ___ बी ॲट होम.' पर्यायांत 'मस्टन्ट' आणि 'कान्ट' दोन्ही होते, उत्तर 'कान्ट' दिलंय. 'मस्ट बी' म्हणजे 'असणारच', तर मग 'नसणारच'ला 'मस्टन्ट बी' का चालत नाही? शिवाय 'मे', 'माइट', 'कुड' यांत किती टक्के खात्री असते याचा तक्ता कुणाकडे आहे का? आणि भूतकाळ आला की सगळंच डोक्यावरून जातं, त्याबद्दलही सांगा.

पानगळ:
तक्ता सोपा आहे. मस्ट १०० टक्के, मे ५०, माइट ३०, कान्ट ०. पाठ करा. परीक्षेपुरतं भागतं.

अर्धविराम:
भाषांतरं तपासणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे हा टक्क्यांचा तक्ता दिसला की हात शिवशिवतात. 'मस्ट'ला १०० दिले तर साध्या 'इज'ला किती देणार, १२०? खिडकीतून पाऊस दिसत असताना कुणी 'इट मस्ट बी रेनिंग' म्हणत नाही, सरळ 'इट्स रेनिंग' म्हणतात. आत आलेल्या माणसाची छत्री निथळताना दिसली आणि बाहेरचं काही दिसत नसलं, तर 'मस्ट'. लॉरी कार्टुनेन या भाषाशास्त्रज्ञाने १९७२ मध्येच म्हटलं होतं की 'मस्ट' घातल्यावर वाक्याला जोर येण्याऐवजी ते साध्या विधानापेक्षा लेचंपेचं वाटतं. २०१० मध्ये काइ फॉन फिंटेल आणि अँथनी गिलीज या अभ्यासकांनी त्यावर हरकत घेतली: लेचंपेचं वगैरे काही नाही, बोलणाऱ्याने ते स्वतः पाहिलेलं नाही, खुणांवरून काढलंय, एवढंच 'मस्ट' सांगतं. मला हे दुसरं म्हणणं पटतं. शिवाय 'मे' आणि 'माइट'मध्ये २० टक्क्यांचा फरक मोजणारा माणूस मला अजून भेटायचाय. रोजच्या बोलण्यात दोन्ही 'असेलही, नसेलही' एवढंच सांगतात.

आता तुमचा मूळ प्रश्न. 'मस्टन्ट' ही जागा मनाईने आधीच अडवून ठेवली आहे. 'यू मस्टन्ट बी लेट' म्हणजे उशीर करायचा नाही. त्यामुळे 'दे मस्टन्ट बी ॲट होम' वाचणाऱ्याला आधी 'त्यांनी घरी असता कामा नये' असंच ऐकू येतं. अंदाजातल्या 'मस्ट'चा नकार म्हणून 'कान्ट' येतो: खुणा बघता ते घरी असणं शक्य नाही. आपण 'नसणार' हा शब्द 'असणार'वरूनच करतो, म्हणून इंग्रजीतही तसंच करावंसं वाटतं.

खरी मेख 'माइट नॉट' आणि 'कुडन्ट' यांत आहे. होकारात 'माइट बी' आणि 'कुड बी' जवळपास सारखे, पण 'नॉट' लावलं की वाटा फुटतात. 'ही माइट नॉट बी ॲट होम' म्हणजे कदाचित नसेल. 'ही कुडन्ट बी ॲट होम' म्हणजे असणं शक्यच नाही. पहिल्यात शंका आहे, दुसऱ्यात दार बंद. परीक्षेत नेमकं इथेच पकडतात.

भूतकाळासाठी एक प्रसंग घ्या. सहकारी जागेवर नाही. खुर्चीवर बॅग, पडद्यावर अर्धवट लिहिलेला मेल, कपातल्या कॉफीतून अजून वाफ येतेय. 'शी कान्ट हॅव गॉन होम', बॅग इथेच आहे. 'शी मस्ट हॅव जस्ट स्टेप्ट आउट', कॉफी गरम आहे. 'शी माइट हॅव गॉन टू अ मीटिंग', याला पुरावा नाही, नुसती शक्यता. साचा एकच: आधी 'मस्ट', 'कान्ट', 'माइट' यांपैकी एक, मग 'हॅव', मग मुख्य क्रियापदाचं तिसरं रूप. कर्ता कुणीही असो, 'हॅज' किंवा 'हॅड' तिथे येत नाही. ('मस्ट हॅव'चं आखूड रूप 'मस्ट्व', त्याचा उच्चार 'मस्ट ऑव्ह'सारखा होतो, म्हणून इंग्रजी मातृभाषा असलेले लोकही बिनधास्त 'ऑव्ह' लिहून मोकळे होतात. आपण लिहू नये.)

नवशिका:
छान कळलं. पण 'कुड हॅव'चं काय? 'असू शकलं असतं' असा अर्थ मी शिकलोय.

अर्धविराम:
तोही आहे. 'यू कुड हॅव कॉल्ड मी' हा टोमणा असतो: फोन करता आला असता, केला नाहीस. 'समवन कुड हॅव सीन अस' मात्र दोन्हीकडे जातं: कुणी पाहिलंही असेल, किंवा पाहिलं असतं तर पंचाईत झाली असती. मागचापुढचा संदर्भच निवाडा करतो. 'माइट हॅव'ही असं दुतोंडी होतं. संशयच नको असेल तर 'मे हॅव' बरं. 'ही मे हॅव ड्राउन्ड' म्हणजे काय झालं ते अजून कळलेलं नाही. 'ही माइट हॅव ड्राउन्ड' हे सुखरूप बाहेर आलेल्या माणसाबद्दलही म्हणता येतं.

दूरदेशी:
अमेरिकन टीमबरोबर काम करतो. 'ही मस्ट नॉट हॅव सीन द मेसेज' हे आमच्याकडे सर्रास चालतं. ते चूक कसं?

अर्धविराम:
चूक नाहीच. अमेरिकन बोलण्यात अंदाजासाठी 'मस्ट नॉट' चांगलं रुळलेलं आहे, बहुतेकदा असं सुटं करून. छटाही वेगळी आहे: 'मस्ट नॉट हॅव सीन' म्हणजे उत्तर आलं नाही त्यावरून पाहिलेला दिसत नाही. 'कान्ट हॅव सीन' म्हणजे पाहिला असणं शक्यच नाही, त्याचा फोन तर बंद होता. नवशिका, तुमचं पुस्तक ब्रिटिश वळणाचं दिसतंय, तिथे 'कान्ट'च लिहा.

पानगळ:
माझ्या तक्त्यात 'शुड' राहिलं. ८० टक्के?

अर्धविराम:
परत टक्के! 'शुड' वेळापत्रकावर, नेहमीच्या रिवाजावर बोलतं. 'दे शुड बी देअर बाय नाऊ': वेळेत निघालेत, एव्हाना पोचायला हवेत. खिडकीत त्यांचा दिवा दिसला की तेच 'दे मस्ट बी देअर' होतं. आणि नकोशा गोष्टीला 'शुड' सहसा लावत नाहीत. 'द ट्रेन शुड क्रॅश' म्हटलं तर लोक तुमच्याकडेच संशयाने बघतील.

नवशिका:
शेवटचं. 'तो आत्ता काम करत असणार' याला 'ही मस्ट वर्क' चालेल?

अर्धविराम:
नाही, ती सक्ती झाली: त्याने काम केलंच पाहिजे. 'ही मस्ट बी वर्किंग' लिहा. 'नो' (माहीत असणं), 'लाइक' (आवडणं) अशा क्रियापदांना 'इंग' लागत नाही, तिथे 'ही मस्ट नो' बरोबर. आणि उद्याच्या अंदाजाला 'मस्ट' टाळा. 'इट मस्ट रेन टुमॉरो' म्हणजे पावसाला हुकूम सोडल्यासारखं होतं, तिथे 'इज बाउंड टू' वापरा.