‘जगात लोकांचं काय काय चाललंय, आणि तुझं काय!’

मुठेकाठची
माझ्या कानात शिट्टी वाजते. बारीक, उंच, न थांबणारी. डॉक्टरी भाषेत टिनिटस. बरीच वर्षं ढोल-ताशा पथकात ताशा वाजवला, कारण बहुधा तेच. श्रवणचाचणीच्या आलेखात ४००० हर्ट्झपाशी खड्डा दिसतो आणि मोठ्या आवाजाने कान गेला की तो साधारण तिथेच पडतो म्हणे. दिवसा रहदारीत काही जाणवत नाही. रात्री पंखा बंद केला की सुरू. त्यामुळे डिसेंबरातही पंखा लावून दोन गोधड्या घेऊन झोपते. घरच्यांच्या मते हे थेर आहेत.

धागा दुखण्यावर नाही, त्यावर मिळणाऱ्या उत्तरावर आहे. सासूबाई, ऑफिसातली मैत्रीण, सगळ्यांचं एकच: ‘गाझात लेकरं उपाशी मरतायत आणि तुझं काय शिट्टी शिट्टी!’ कानाच्या डॉक्टरांनी गाझा नाही काढलं, बाहेर बाकावर बसलेला घशाच्या कॅन्सरचा पेशंट दाखवला. मी गप्प बसले म्हणून गाझातल्या लेकराला घासभर जास्त मिळत नाही, आणि माझी शिट्टीही थांबत नाही. मग ही तुलना सोयीची कुणाला? ऐकणाऱ्याला, असं माझं मत होत चाललंय. त्याची ऐकण्यातून सुटका होते. बोला.

रात्रपाळी
साफ असहमत. सरकारी रुग्णालयात नर्स आहे, जळीत वॉर्डात बरीच वर्षं काढली. तिथून घरी आल्यावर गॅस संपला, नळाला पाणी नाही, मुलाला गणितात कमी मार्क, यातलं काहीही मला रडवू शकत नाही. मी काही संतबिंत नाही. सकाळी ड्रेसिंग बदलताना बाईचा आवाज ऐकलेला असतो, एवढंच. तुलनेने दुःख हलकं होतं, हे मी रोज अनुभवते. तुम्ही म्हणता ती ऐकणाऱ्याची सोय, मी म्हणते सोसणाऱ्याचं औषध.

आणि तुलना केल्याशिवाय आमचं कामच चालत नाही. अपघाताची बस आली की जखम किती गंभीर ते बघून लाल, पिवळी, हिरवी, काळी पट्टी लागते. हिरवी पट्टीवाला हात मोडून कितीही ओरडला तरी आम्ही आधी लालकडेच धावतो. सगळ्यात मोठ्याने ओरडणारा बहुतेक वेळा हिरवाच असतो, हेही सांगून ठेवते.

तिरकसराव
मग सुखालाही हाच नियम लावा की. पगार वाढला म्हणून पेढे वाटणाऱ्याला सांगा, ‘अंबानींकडे बघ, तुझं काय!’

रात्रपाळी
तिरकसराव, व्हॉट्सॅपवर फिरून फिरून हा युक्तिवाद गुळगुळीत झालाय. शिवाय लंगडा आहे. तुमच्या आनंदाला माझ्याकडून काही नको असतं, पेढा उलट मलाच मिळतो. तक्रार मात्र मागते: वेळ, कान, पैसा, सुट्टी. घरात एक माणूस अंथरुणाला खिळलेलं असेल आणि करणारी बाई एकच असेल, तर कुणाचं आधी ऐकायचं हे तिला ठरवावंच लागतं. ‘सगळ्यांचं दुःख सारखंच महत्त्वाचं’ हे ज्याच्या घरी स्वयंपाकाला बाई आहे त्याने म्हणावं.

तिरकसराव
हा टोला लागला. माघार नाही, पण लागला.

माळवद
मूळचा उमरगा तालुक्यातला. किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन छप्पन. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक गाढ झोपलेले. दगड-मातीच्या जाड भिंती, वर मातीचं माळवद. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूच्या गावांत मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली.

आमच्या घरातलं माणूस गेलं नाही. आम्ही अंगणात होतो. माळवद गोठ्यावर बसलं आणि आबांचा बैल दबून मेला. पांढरा, एका शिंगाला पितळी शेंबी राहिलेला, दुसरी पोळ्यातच हरवली होती. उकरून काढल्यावर आबा त्याच्या मानेवर हात ठेवून रडायला लागले. शेजारच्या घरातली चार माणसं अजून ढिगाऱ्याखाली होती. कुणीतरी म्हणालं, ‘लोकाची लेकरं गेली अन् हे म्हातारं बैलासाठी रडतंय.’ आबांनी पटक्याच्या शेवटाने तोंड पुसलं आणि शेजारच्या ढिगाऱ्यावर दगड उचलायला गेले. गेलेच पाहिजे होतं, त्याबद्दल वाद नाही.

पण बैलाचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही, कुणालाच काढू दिलं नाही. नव्या गावठाणात पक्कं घर मिळालं तरी मरेपर्यंत बाहेर पत्र्याखाली झोपले. विचारलं तर म्हणायचे, ‘आपलं काय गेलंय, काही नाही गेलं.’ आमच्या भागात हे वाक्य खूप ऐकलंय. ज्यांचं फक्त घर पडलं, फक्त पाय गेला, फक्त बैल गेला, त्यांना बोलायला जागाच उरली नव्हती.

रात्रपाळीताई, तुमच्या पट्ट्या मला मान्य आहेत. सरकारनेही तशी प्रतवारी केली. ५२ गावं नव्या जागी हलवली, काही तिथेच बांधली, बाकीच्यांना दुरुस्तीचे पैसे. पैसा मोजका होता, प्रतवारी करणं भागच होतं. पण आबांना त्या पहाटे सरकारकडून काही नको होतं. त्यांना मानेवर हात ठेवून अर्धा तास बसायचं होतं.

रात्रपाळी
वाचून थांबले. यावर घाईने काही लिहीत नाही.

चष्मिष्ट
किसा गोतमीची गोष्ट इथे कुणी काढली नाही याचं आश्चर्य वाटतं. मेलेलं मूल कडेवर घेऊन ती बुद्धाकडे औषध मागायला येते. तो म्हणतो, मूठभर मोहरी आण, पण ज्या घरात कधी कुणी मेलं नाही अशा घरची. ती दारोदार फिरते, मोहरी सगळीकडे असते, तसं घर एकही नसतं. ही गोष्ट तुलनेच्या बाजूने सांगतात. मला ती नेमकी उलटी वाटते. ‘बाई, शेजारणीची तीन गेली, तुझं एकच’ असं बुद्ध म्हणाला नाही. मोठं दुःख दाखवून तिचं लहान केलं नाही, तिला लोकांच्या उंबऱ्यावर पाठवलं. प्रत्येक दारात तिला आपली हकीकत सांगावी लागली असेल आणि त्यांची ऐकावी लागली असेल. आपल्याकडे ‘जगाकडे बघ’ म्हणणारा माणूस तिला दारातूनच परत पाठवतो.

दुसरं, आपण मनात जी दुःखाची उतरंड लावतो ती तरी खरी असते का? १९७८ साली अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ ब्रिकमन आणि सहकाऱ्यांनी लॉटरी लागलेले २२ जण आणि अपघातात लुळे पडलेले २९ जण यांना ‘किती सुखी आहात’ असं विचारलं. लॉटरीवाले शेजाऱ्यापाजाऱ्यांहून फारसे सुखी निघाले नाहीत, आणि गप्पा, न्याहारी असल्या रोजच्या गोष्टींतली त्यांची मजा उलट कमी झालेली. अपघातवाले इतरांपेक्षा दुःखी होते, पण सुखाच्या मोजपट्टीच्या मध्याच्या वरच. म्हणजे ज्याचं उदाहरण देऊन आपण दुसऱ्याला गप्प करतो, तो स्वतः तितका मोडलेला असेलच असं नाही. त्याला कुणी विचारलेलं नसतं.

रात्रपाळी
५१ माणसांवरून जगाचा निष्कर्ष नको. पण मध्याच्या वर हे वॉर्डात मीही पाहिलंय. ६० टक्के भाजलेली मुलगी नेलपॉलिशच्या रंगावरून माझ्याशी भांडली होती.

चष्मिष्ट, गोतमीबद्दल मात्र पटलं नाही. ती दारोदार फिरली म्हणजे तुलनाच की! ‘माझ्या एकटीचं नाही’ हे कळायला दुसऱ्याचं बघावंच लागतं.

चष्मिष्ट
‘माझ्या एकटीचं नाही’ आणि ‘माझं काहीच नाही’ यांत घर-स्मशानाइतकं अंतर आहे. पहिलं तिचं तिला कळलं. दुसरं आपण लोकांच्या तोंडावर फेकतो. तुम्ही वॉर्डातून घरी येऊन स्वतःला समजावता, ते तुमचं. मुलगा गणिताच्या मार्कांवरून रडत असताना त्याला जळीत वॉर्ड ऐकवता का?

रात्रपाळी
ऐकवते. ऐकवायची. आता तो मला काही सांगत नाही. तो वयाचा भाग आहे असं मी धरून चालते, आणि तुम्ही लगेच त्यावर उड्या मारू नका.

मुठेकाठची
उड्या मारत नाही, पण ताई, तुमच्याच पट्ट्या घेते. हिरवी पट्टी म्हणजे ‘घरी जा’ नव्हे ना? ‘थांब, नंबर येईल.’ हिरव्यालाही केसपेपर मिळतोच. माझी तक्रार इतकीच आहे की मला केसपेपरच कुणी काढून देत नाही.

तिरकसराव
पण नंबर कधी येणार? जगात लाल पट्टीवाले संपणार आहेत का? युद्ध, दुष्काळ, पूर, काही ना काही चालूच. तुमचा नंबर पुढच्या जन्मी.

रात्रपाळी
तिरकसराव पहिल्यांदाच कामाचं बोलले. आमच्याकडे त्यासाठीच किरकोळ जखमांचं टेबल वेगळं असतं. लालवाल्यांचा डॉक्टर तिथे लागत नाही, एक शिकाऊ पोरगी पुरते. घरात तसं टेबल कोण लावणार हा प्रश्न आहे, आणि मी थकून आलेली असते तेव्हा ते मी लावणार नाही, हे स्पष्ट सांगते. नवऱ्याने लावावं.

बरं, शिट्टीचं काय केलंत? ऑडिओलॉजिस्टकडे गेलात? ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राने काहींची शिट्टी मागे पडते, आणि झोपताना हलका आवाज सुरू ठेवणं हा सांगितला जाणारा उपायच आहे. पंखा हे थेर नाहीत, सासूबाईंना सांगा. पथक सोडलं ना?

मुठेकाठची
यंदा फक्त एक मिरवणूक. कानात कापूस घालून.

रात्रपाळी
कापसाने काहीही होत नाही!! फोमचे इअरप्लग मिळतात औषधाच्या दुकानात, किंवा वादकांचे वेगळे येतात ते घ्या. कापूस म्हणे. आणि मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, आमच्याकडच्या ऑडिओलॉजिस्टबाईंच्या ओपीडीचे वार कळवते.