आधी खोबळ्यात हात घालू द्या

शिवकालीन शस्त्रांची प्रात्यक्षिकं बघून खूप झाली, आता ठाण्यात लोकांनी स्वतः हाताने करायची कार्यशाळा घेऊ, पण सुरुवात कोणत्या शस्त्राने करावी, असं एकाने विचारलंय. माझं मत: दांडपट्ट्यानेच करा. २०२४ साली तो महाराष्ट्राचा राज्यशस्त्र झाला, पण हातात धरलेली माणसं किती?

गेल्या हिवाळ्यात इथेच एका मैदानावर आम्ही बारा जण शिकायला होतो. खोबळ्यात, म्हणजे पट्ट्याच्या मुठीवरच्या धातूच्या हातमोज्यासारख्या आवरणात, हात घातला की आतली आडवी मूठ हाती लागते आणि मनगट जखडून जातं. तलवारीसारखं मनगटातून फिरवायला गेलं की लवचीक पातं भलतीकडेच वळतं. जोर खांद्यातून, कमरेतून, पावलांतून यावा लागतो. शिवजयंतीच्या मिरवणुकीत मी वर्षानुवर्षं पट्टा बघत आलो, पण हे कळलं ते दंड भरून आल्यावर. शिकवणाऱ्या दादांनी पहिले दोन तास नुसती काठी देऊन पवित्रे घोटून घेतले. तेव्हा कंटाळलो होतो, आज त्यांचे आभार मानतो. तुम्हीही काठी आणि बोथट पातं यांवरच सुरू करा, आणि दोघांत अंतर भरपूर ठेवा.

पोशाख भाड्याने आणलेला सॅटिनचा नको. सुती अंगरखा घाला, पागोटं ज्याचं त्याने बांधावं.

जागेचं म्हणाल तर १७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून घेतलेला ठाण्याचा किल्ला आज कारागृह आहे, तिथे जमणार नाही. त्याच मोहिमेतला घोडबंदर किल्ला बघा, मात्र परवानगी आधी काढा. मी काठ्या घेऊन येतो.