'आजारी' मिल आणि 'बंद पडलेली' मिल

प्रश्न : सोलापूरच्या गिरण्यांवरच्या जुन्या बातम्या चाळतोय. कुठे 'आजारी गिरणी', कुठे 'बंद गिरणी'. आजारी म्हणजे तोट्यातली, एवढंच समजायचं का?

उत्तर : नाही. हा शब्द सरकारी कागदावरून आपल्या तोंडी आलाय. १९७४ साली केंद्राने १०३ गिरण्यांचं राष्ट्रीयीकरण केलं, त्या कायद्याच्या नावातच 'आजारी' आहे. १९८५ च्या आजारी औद्योगिक कंपन्यांच्या कायद्याने व्याख्या बांधली : साठलेला तोटा कंपनीच्या नक्त मालमत्तेएवढा (म्हणजे भांडवल आणि राखीव निधी मिळून होईल तेवढा) किंवा त्याहून जास्त झाला की कंपनी आजारी. मग प्रकरण बीआयएफआरकडे (अशा कंपन्यांसाठी नेमलेलं सरकारी मंडळ), पुनर्वसनाची योजना, आणि तोवर कर्ज देणाऱ्यांच्या वसुलीला स्थगिती. ही स्थगितीच काहींना औषधापेक्षा गोड लागायची. १९९१ च्या औद्योगिक धोरणाने तोट्यातल्या सरकारी कंपन्यांनाही याच दारात आणून उभं केलं.

'बंद'चं क्रियापद बघा. औद्योगिक विवाद कायद्यात मालक कारखाना बंद 'करतो', आणि १०० किंवा जास्त कामगार असतील तर त्याला आधी सरकारची परवानगी लागायची (२०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत हा आकडा ३०० झाला). टाळेबंदी वेगळी, ती तात्पुरती. बोलताना मात्र आपण 'मिल बंद पडली' म्हणतो. कुणी पाडली, ते वाक्यात येतच नाही. मालकांच्या आणि पुढाऱ्यांच्या फार सोयीचं व्याकरण!

प्रतिसाद : सर, आमच्या पूर्व भागात कारखाना म्हणजे यंत्रमागांची शेड. चादर नाहीतर टॉवेल. सुताचा भाव चढला, वरून वीजबिल आलं, की माग थांबले. हे आजारी धरायचं का?

उत्तर : बोलण्यात खुशाल धरा. कायद्यात नाही. १९८५ चा कायदा फक्त कंपन्यांना होता आणि लघुउद्योग त्यातून स्पष्टपणे वगळलेले. म्हणजे तुमच्या शेडला आजारी पडायची सोयच नव्हती, ती थेट बंदच पडायची. शहराच्या कापडधंद्याचा केवढा तरी भाग असल्या शेडमध्ये, आणि धोरणाची भाषा सगळी मोठ्या मिलची.

प्रतिसाद : आता कोणता शब्द चालतो?

उत्तर : २०१६ पासून 'नादारी व दिवाळखोरी संहिता'. तिथे तोटा किती साठला हे बघत नाहीत, थकबाकी झाली की दावा. (जुन्या लोकांना नादारी म्हटलं की शाळेतली फीमाफी आठवेल.) सहकारी साखर कारखान्यांच्या बातम्यांत 'आजारी' अजून दिसतो, पण १९८५ चा कायदा त्यांना कधी लागूच नव्हता. तिथे तो ढोबळ अर्थाने, 'डबघाईला आलेला' एवढाच घ्यावा.